मारुतीच्या पायाला पाणी

आमच्या ऑफिसातल्या नव्या इंजिनियर मुलीनं परवा माझ्याकडून कंपनीचा इतिहास एका पानात लिहून मागितला. वेबसाइटवर टाकायचा आहे म्हणे. "सर, ग्रोथ दिसली पाहिजे," ती म्हणाली. दोन टेबलांपासून दोन शहरांतल्या ऑफिसांपर्यंत, शेतातल्या मोऱ्यांपासून नदीवरच्या पुलांपर्यंत. मी लिहून दिलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी पान वाचून मला माझीच शिसारी आली. त्या पानात जे बसलं नाही ते इथं लिहितो.

पुलांची डिझाइनं करणारी ही कंपनी काढली आमच्या साहेबांनी. सरकारी बांधकाम खात्यातली नोकरी मुदतीआधीच सोडून त्यांनी लातुरात एका डाळमिलच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या. का सोडली ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण खात्यात न मोजलेला आकडा कागदावर लिहायला नकार देणारा माणूस किती दिवस टिकणार, हे कुणीही सांगेल. खाली मिल सुरू झाली की वर टेबलं थरथरायची. म्हणून बारीक रेषांचं काम मिलच्या दुपारच्या सुट्टीत उरकायचं आणि आम्ही जेवायचं मिल सुरू झाल्यावर. ट्रेसिंग पेपरवर तुरीचा भुसा बसायचा. मी हदगावकडचा, घरी कापूस पिकवणारे लोक; नांदेडला डिग्री घेतली आणि सरळ त्या भुशात येऊन पडलो. साहेब मला नावानं हाक मारत नसत. "काय इंजिनियर," म्हणायचे. त्यात चेष्टा किती आणि माया किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पूल किती उंच बांधायचा हे पाणी ठरवतं. नदीवर पाणी मोजायची व्यवस्था असते. आमच्याकडच्या ओढ्यांना कोण विचारतो? पावसाच्या आकड्यांवरून हिशेब मांडता येतो, पण साहेबांचा त्यावर अर्धाच विश्वास. त्यांची रीत वेगळी होती. गावात जायचं आणि तीन म्हातारे गाठायचे. तिघांना वेगवेगळं विचारायचं, एकमेकांसमोर नाही. आणि तिघांत एक बाई पाहिजेच. "बाप्या सांगतो पाणी किती मोठं होतं," साहेब म्हणायचे, "बाई सांगते घरातलं काय काय भिजलं. तिघांची गवाही एक झाली की मग पातळी मोजायची दुर्बीण लावा." तिघांची नावं आणि त्यांनी दाखवलेली खूण डायरीत लिहायची, मगच आकडा. आम्ही पोरंसोरं पाठीमागे हसायचो. पण मी पाहिलं आहे, एका गावात दोन म्हाताऱ्यांनी वडाचा पार दाखवला आणि तिसऱ्या म्हातारीनं सांगितलं की तो पार नंतर बांधलाय, तुम्ही खालची पायरी बघा. साहेबांनी तिथंच तिच्या पायाला हात लावला होता.

मग भूकंप झाला.

त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. जे लिहायचं ते पुष्कळांनी लिहिलंय, आणि त्या वासाला शब्द नाहीत. आम्हाला काम मिळालं ते पूल तपासायचं. ढिगारे उपसणं चालू असताना आम्ही पुलांखाली वाकून भेगा शोधत होतो. पूल बहुतेक धड होते. मातीच्या जाड भिंतींची घरं बसली होती आणि आमचे पूल उभे होते, आणि त्या पुलांवरून ट्रक भरून माणसं नेत होते. एके दिवशी साहेब एका पुलाच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "आपण रस्ते शाबूत ठेवले, इंजिनियर. जायला माणूस नाही."

पण काम आलं. पुनर्वसन झालेली नवी गावं, त्यांना जोडणारे नवे रस्ते, रस्त्यांवर पूल, आणि प्रत्येक पूल आता भूकंप धरून तपासायचा. दोन टेबलांची आठ झाली. नांदेडला दुसरं ऑफिस निघालं. भूकंपानं आम्हाला वाढवलं, हे म्हणायला जीभ रेटत नाही, पण खरं तेच आहे. वेबसाइटच्या पानावर मी लिहिलं, "या काळात कंपनीचा झपाट्यानं विस्तार झाला."

त्याच वर्षांत लातूर बदलत होतं. गल्लोगल्ली क्लासेस निघाले. कुठून कुठून पोरं येऊन राहायला लागली, घरमालकांनी गच्चीवर पत्र्याच्या खोल्या चढवल्या, डाळीच्या गावात आता गुणांची भाषा सुरू झाली. आमच्या ऑफिसातले दोन हुशार डिझायनर फिजिक्स शिकवायला गेले ते परत आलेच नाहीत. मला एका क्लासनं गणितासाठी विचारलं. संध्याकाळची साडेपाचची बॅच. मी साहेबांना न विचारता हो म्हणालो. पैशासाठी म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं. खरं कारण असं की ऑफिसात मी "काय इंजिनियर" होतो, आणि तिथं मी आत शिरलो की सबंध हॉल उभा राहायचा. त्या उभं राहण्याची मला चटक लागली. साहेबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शिकवा. फक्त गावाला जाल त्या दिवशी घाई करू नका."

एका गावाच्या ओढ्यावर जुनी फरशी होती. फरशी म्हणजे पाण्याच्या पातळीला घातलेला दगडी सपाट रस्ता. पाणी चढलं की फरशी बुडते आणि लोक अलीकडे-पलीकडे खोळंबून बसतात. तिथं पूल व्हायचा होता. भूकंपाला तोवर काही वर्षं झाली होती. गावातली पडलेली घरं पुन्हा बांधली गेली होती, बरीचशी पत्र्याची. मी दुर्बीण घेऊन गेलो, गावचा कोतवाल मोजपट्टी धरायला घेतला. हॉटेलच्या बाकावर एक म्हातारा भेटला. त्याला विचारलं, बाबा, तुमच्या आठवणीतला सगळ्यात मोठा पूर कुठवर आला होता?

"लई पानी आल्तं. माझं लगीन झालं त्या साली," तो म्हणाला. "मारुतीच्या पायाला लागल्तं बगा."

मारुती ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच होता. पत्र्याचं देऊळ, शेंदूर ताजा, वर घंटा. मी मूर्तीच्या पायाशी पट्टी उभी करायला लावली. कोतवाल जरा थांबला आणि म्हणाला, "हितं कशाला, सायेब?" मी म्हणालो, "तू सरळ धर फक्त." आकडा मिळाला. घड्याळात पाहिलं, तीनची एसटी गाठली तर साडेपाचची बॅच मिळणार होती. अजून दोन म्हातारे राहिले होते. दुर्बीण-पट्टी आवरायला ग्रामपंचायतीच्या खोलीत गेलो, तिथं भिंतीवर मतदारयादी चिकटवलेली होती. सत्तरीपुढची दोन नावं निवडली, एक बाप्याचं, एक बाईचं. डायरीत लिहिलं: दोघांनीही हीच खूण सांगितली. एसटी मिळाली. हॉल उभा राहिला.

पंधरा दिवसांनी साहेबांनी माझं डिझाइन समोर घेतलं. पावसाच्या हिशेबानं पाण्याची पातळी चांगली चार-पाच फूट वर येत होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तीन म्हातारे गाठले होते ना?"

"हो, साहेब."

"तिघं एकच म्हणतात?"

"एकच."

"मग पुस्तकापेक्षा त्यांचं खरं," असं म्हणून त्यांनी पातळी खाली घेतली आणि सही केली. तेव्हा मी काही बोललो असतो तर काय झालं असतं? दोन शिव्या, एसटीची आणखी एक फेरी. एवढंच. पण त्या दिवशीही मला साडेपाचला पोचायचं होतं.

पूल देखणा झाला. तीन गाळ्यांचा, बारीक कठडे. गावानं नारळ फोडला, आम्हाला जेवू घातलं. चार पावसाळे नीट गेले. पाचव्या पावसाळ्यात एका दुपारी वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि पाणी पुलावरून गुडघाभर वाहू लागलं. पलीकडच्या वस्तीवरची अंगणवाडीची बाई पोरांचा खाऊ वाटून घरी निघाली होती. लोक म्हणाले थांब. ती म्हणाली, पूल आहे की. कठडा धरून निघाली आणि मधल्या गाळ्यावर पाण्यानं तिला उचललं. तिथं जुनी फरशी असती तर ती थांबली असती, कारण फरशीवर कुणाचाच भरवसा नव्हता. तिला पुलानं मारलं, आणि तो पूल मी मोजला होता.

चौकशी लागली. खात्यानं पत्र पाठवून विचारलं, पातळी इतकी कमी कशी धरली? साहेबांची झोप उडाली, पण ते घाबरलेले नव्हते. ते बुचकळ्यात पडले होते. तीन माणसं एकाच वेळी कशी चुकतात, हे त्यांना कळत नव्हतं. आयुष्यभर ज्या रीतीवर त्यांनी पूल उभे केले तीच खोटी निघाली की काय, ही ती धास्ती होती. माझ्याकडे बघून ते दोनदोनदा म्हणाले, "तिघंही कसे चुकतील हो?" मी मान हलवत राहिलो. ती मान हलवणं मला अजून आठवतं आणि मी आरशापुढून बाजूला होतो.

मग त्यांनी माझी डायरी मागितली आणि ते एकटेच गावाला गेले. मी येतो म्हणालो, तर म्हणाले, "तुमची बॅच असंल."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले, पंखा लावला, पाणी प्यायले. मी समोर उभा होतो. ते सावकाश बोलत होते, जणू साइटची हकीकत सांगताहेत.

"म्हातारा भेटला. अजून हाय. पानी मारुतीच्याच पायाला लागलं होतं, खरं सांगितलं त्यानं. पण त्या वक्ताचा मारुती वर होता, गढीच्या अंगाला, दगडी जोत्यावर. भूकंपात देऊळ पडलं. मग लोकांना दगडाचीच भीती बसली. मूर्ती काढली आणि खाली पत्र्यात ठेवली. त्याच्या लेखी मारुती एकच. त्यानं कशाला सांगावं वरचा का खालचा?"

कोतवालानं "हितं कशाला" का विचारलं होतं ते आता कळलं.

"दुसऱ्यानं सांगितलं असतं," साहेब म्हणाले. "म्हणून तर तिघं."

"हो," मी म्हणालो. अजूनही मी 'हो'च म्हणत होतो.

"म्हातारीकडं गेलो. सून भेटली. म्हातारी भूकंपातच गेली म्हणाली. देवळाशेजारीच घर होतं त्यांचं." त्यांनी डायरीचं ते पान उघडलं. मतदारयादीत माणूस मरत नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मग त्यांनी डायरी मिटून माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "तुमच्याशी बोलली, तुमचं नशीब."

त्यात राग असता तर मी रडलो असतो, पाय धरले असते. राग नव्हता. त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि लिहायला घेतलं. तासाभरानं कागद माझ्याकडे देत म्हणाले, "टाइप करून आणा. खात्याला आजच जाऊ द्या. आणि पुढं ऑफिस तुम्हीच बघा, मी थकलो."

मी वाचलं. पूरपातळीची गावातली चौकशी आपणच केली, एकाच माणसाला विचारलं, आणि देऊळ हललंय हे आपल्या ध्यानात आलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. जन्मभर न मोजलेला आकडा न लिहिणाऱ्या माणसानं लिहिलेली ती पहिली खोटी ओळ. तिच्यानं काय होणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं: खात्याच्या यादीतून त्यांचं नाव जाणार, आणि ज्या नावानं तालुक्यातालुक्यात लोक उठून खुर्ची देत, ते त्या बाईच्या मरणाशी कायमचं जोडलं जाणार. तसंच झालं पुढे. कंपनी मात्र वाचली, कारण कंपनीच्या कागदांवर आता सही नवी होती, माझी.

त्या वेळी खोलीत आम्ही दोघंच होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, हे तुम्ही नाही, मी. पाच शब्द. मी कागद घेऊन टाइपरायटरवर जाऊन बसलो. त्यांची शाळा निजामाच्या अमलात उर्दूतून झालेली, त्यामुळे मराठी लिहिताना ते चुकायचे. 'ही चौकशी मी स्वता केली,' असं त्यांनी लिहिलं होतं. विसर्ग राहिला होता. तो मी घातला, आणि पत्र सहीसाठी त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं.