जळका पट्टा

उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या न्याल्लाजोक गावात माणसाला काहीही विचारलेलं चालतं. बायको का सोडून गेली, मत कुणाला दिलं, दात खरे की बसवलेले, सगळं. विचारायचं नाही ते एकच: तुमचे रेनडियर किती? हा प्रश्न म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचं कपाट उघडण्यासारखं. असं विचारणारा एकतर सरकारी माणूस असतो, नाहीतर परगावचा जावई, आणि दोघांचीही कॉफी त्या दिवशी पातळ होते.

अशा गावात रिस्तनवहिनी स्नोमोबाइल दुरुस्त करतात. अख्खं गाव त्यांना वहिनी म्हणतं, सख्खा दीर मात्र एकच, निइल्लास. नवरा हान्सा वारला तेव्हा त्याचं गॅरेज विकत घ्यायला दोघंतिघं टोपी हातात धरून, तोंड पाडून आले. वहिनींनी त्यांना जेवायला घातलं, वाळवलेलं मांस बांधून दिलं आणि गॅरेजला आतून कडी लावली. खरं तर हान्सा होता तेव्हाही क्लच त्याच बसवायच्या. हान्सा बाहेर उभा राहून कौतुक ऐकून घ्यायचा. ते कामही सोपं नव्हतं म्हणा, कडाक्याच्या थंडीत.

स्नोमोबाइलला मोटारसारखे गिअर नसतात. इंजिनाकडे एक क्लच, मागे दुसरा, आणि मध्ये रबराचा पट्टा. इंजिन पळू लागलं की पुढच्या क्लचमधली वजनं बाहेर फेकली जातात, क्लचच्या दोन चकत्या मिटतात, पट्टा वर सरकतो आणि गाडी वेग घेते. चढण लागली की मागच्या क्लचची स्प्रिंग पट्टा आपल्याकडे ओढते आणि गाडीला जोर येतो. वहिनी याला संसार म्हणतात. "एकाला पळायचं असतं, दुसऱ्याला ओझं दिसत असतं. भांडण बरोबरीचं असलं की मधला पट्टा टिकतो. एक जण वरचढ झाला की जळतो तो पट्टाच."

म्हणून क्लचला हात लावण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ओढणार किती?" आणि इथंच गावकऱ्यांची जीभ अडखळते. स्लेजवर चाऱ्याची पोती किती, हे सांगितलं की खाणारी तोंडं किती, हे कुणीही ओळखेल. मग जो तो म्हणतो, "असंच, थोडंसं." वहिनी मनातल्या मनात त्याची दुप्पट करतात आणि कामाला लागतात. बहुतेकांचं भागतं. निइल्लासचं भागत नाही, कारण तो दुपटीच्याही पुढचं खोटं बोलतो.

त्या वर्षी ऐन हिवाळ्यात पाऊस पडला आणि लगेच गोठला. बर्फावर काचेसारखा थर बसला. खालचं दगडफूल खुरांनी उकरून खाणारे रेनडियर त्या काचेवर नुसतेच खुर आपटत राहिले. निइल्लासचा कळप गाइसा डोंगरावर होता. चारा वर पोचला तर कळप जगणार, नाहीतर गाभण माद्या आधी जाणार. आणि गाइसाच्या चढणीवर, अर्ध्या वाटेत, निइल्लासचा पट्टा जळला. नवा घातला, तोही जळला.

त्यानं तो पट्टा आणून वहिनींच्या टेबलावर आपटला.

"बघा! तुमचा क्लच पट्टे खातोय आणि माझी जनावरं उपाशी."

"आधी बसा, भावजी. कॉफीत चीज टाकू?"

"टाका. शेजारचा माहत्ते म्हणत होता, वहिनींचा हात आता थरथरतो."

"माहत्तेची जीभ जन्मापासून थरथरते. तिला कुणी स्प्रिंग बसवली नाही."

बोलता बोलता त्यांची बोटं पट्ट्याच्या कडेवरून फिरत होती. एका जागी बोटं थांबली. तिथं कुणीतरी भाकरीचा घास तोडावा तसा रबर खाल्लेला होता. म्हणजे क्लच गरगर फिरत होता आणि पट्टा जागीच उभा. असं दोनच वेळा होतं: गाडीखाली फिरणारा ट्रॅक बर्फाला चिकटून गोठला असेल तेव्हा, किंवा ओझं बेसुमार असेल तेव्हा.

"ओझं किती होतं?"

"नेहमीचंच. तीनचार पोती."

"मग हे कशानं?"

"ट्रॅक गोठला होता."

"चढणीच्या मध्यावर? चालत्या गाडीचा?"

"थंडी फार होती," निइल्लास छताकडं बघत म्हणाला.

वहिनींनी पट्टा खाली ठेवला. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं म्हणणं म्हणजे त्याचा कळप मोजणं. नुसत्या अंदाजानं सेट करायचं, तर एवढ्या चढणीला अंदाज पुरत नाही. तिथं ओझ्यासकट, चढणीवरच, एकेक वजन बदलून बघावं लागतं. आपण सोबत येतो म्हटलं, तर हा दहा कारणं सांगणार. कॉफीत भिजलेलं चीज, तिथल्या रीतीप्रमाणे, चमच्यानं काढून त्यांनी सावकाश खाल्लं आणि म्हणाल्या,

"भावजी, एक काम होतं. माझी जुनी लोखंडी चूल वर, माझ्या झोपडीत न्यायचीय."

"चूल? आत्ता?"

"उद्या सकाळीच. तुमच्या स्लेजवर टाकू. फार जड आहे हो ती. म्हणजे क्लच चुलीच्या हिशोबानं लावावा लागेल, तोही चढणीवरच; मी येते बरोबर. तुमच्या तीनचार पोत्यांचा काही प्रश्नच नाही."

निइल्लासनं उरलेली कॉफी एका घोटात संपवली. "चूल जड असते," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाइसाच्या पायथ्याशी त्याची स्लेज ताडपत्रीखाली गाभण मादीसारखी फुगलेली होती. वर चूल. वहिनींनी तिकडं बघितलंही नाही. पुढच्या क्लचमधली वजनं काढून हलकी घातली, म्हणजे इंजिन चढणीवर दमणार नाही. मागची स्प्रिंग एक भोक पुढं ताणली. नवा पट्टा त्यांनी घरून निघतानाच कातड्याच्या कोटात, छातीशी धरला होता. गारठलेला रबर लाकडासारखा असतो, बसवताना तुटायचा.

"माझ्या भावालाही एवढं जपलं नव्हतं," निइल्लास म्हणाला.

"तो गरमच असायचा. चला, हाणा गाडी."

वहिनी स्लेजवर चुलीला पाठ टेकून बसल्या आणि डोळे मिटून इंजिन ऐकू लागल्या. थोडं चढल्यावर आवाज घोगरा झाला, तशी त्यांनी चुलीवर पाना हाणला. गाडी थांबली. त्यांनी उतरून वजनं आणखी हलकी केली, स्प्रिंग आणखी एक भोक ताणली.

"ही चूल भलतीच जड आहे हो."

"जुनं लोखंड," निइल्लास गंभीरपणे म्हणाला.

पुन्हा निघाले. पट्टे जिथं जळले होते ती जागा आली. बर्फावर अजून काळी भुकटी होती. निइल्लासची मान खांद्यात गेली. इंजिनाचा आवाज मात्र हलला नाही; सुरात लागलेल्या गवयासारखा एकाच पट्टीवर राहिला, आणि गाडी मुकाट, मुंगीच्या चिकाटीनं वर गेली.

माथ्यावर वहिनींनी क्लचचं झाकण उघडून उघडा तळवा पट्ट्यावर ठेवला. "ठेवा हात."

निइल्लासनं ठेवला. नुकत्याच उतरवलेल्या भाकरीइतका ऊन, पण हात ठेवता येत होता. घसरणारा पट्टा इतका तापतो की त्यावर हात ठरत नाही. तो हात काढायलाच तयार होईना.

तेवढ्यात घंटा वाजल्या. कळप येत होता. वहिनी चटकन वळल्या आणि दरीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मागं पोती फाटू लागली. एक फाटलं, दुसरं, तिसरं... आकडा कानात शिरायला लागला तशा त्या मोठ्यानं गाऊ लागल्या. आवाज फारसा बरा नव्हता. हान्सासुद्धा कधी चांगला म्हणाला नव्हता.

गाणं संपायच्या आत निइल्लास शेजारी येऊन उभा राहिला. कोटावर चाऱ्याचा भुसा, डोळे ओले. वारा होता म्हणा.

"गाभण माद्या खातायत," तो म्हणाला. मग कोटावरचा भुसा झटकत, "वहिनी, तुम्ही विचारलं असतं तर तुम्हाला मी सांगितलं..."

"तोंड बंद ठेवा, भावजी."

"बरं. मग चूल कुठं उतरवू? तुमची झोपडी नदीपलीकडं आहे, या डोंगरावर नाही."

"अगंबाई, खरंच की!" वहिनी म्हणाल्या. "बांधा परत."

चूल खाली आली आणि तिची गोष्ट गावभर झाली. आता न्याल्लाजोकमध्ये ओझं कुणी पोत्यांत सांगत नाही. परवा एक जण गॅरेजच्या दारात टोपी चुरगाळत उभा होता.

"वहिनी, क्लच लावून द्या. एक चूल आहे."

वहिनींनी त्याचा जळका पट्टा हुंगला.

"एकच?"

"म्हणजे... दीड."

"लाजू नका. दोन धरते," असं म्हणून त्यांनी पाना उचलला.