एका पिढीला किती इंच

“ताई, इथं एका पिढीला शंभर वर्षं आणि पुढं एका पिढीला चाळीसच? तुमची पट्टी घसरली का?”

पाळकसाहेब माझ्या आळेफाट्याच्या दुकानात मॉनिटरवर बोट नाचवत होते. माझं काम फ्लेक्सचं. वाढदिवस, दशक्रिया, इलेक्शन, सगळं छापते. या वेळी चर्चच्या हॉलसाठी बायबलचा कालपट, म्हणजे घटनांचा वर्षावार लांबलचक तक्ता, होता आणि त्याला स्केल हवी होती. स्केल म्हणजे ठरलेल्या वर्षांना ठरलेले इंच. एकदा धरली की मध्येच बदलता येत नाही.

“मी तुमच्याच कागदावरून घेतलंय,” मी म्हणाले. “देव अब्राहामाला सांगतो, तुझे वंशज चारशे वर्षं परक्या देशात राहतील, आणि लगेच म्हणतो, चौथ्या पिढीत परत येतील. म्हणजे एका पिढीला झाली शंभर. मग वाळवंटात एक पिढी चाळीस वर्षांत संपते. मी छापू काय?”

“दोन्ही खरंच आहे,” ते डोकं खाजवत म्हणाले. “वाळवंटातली पिढी म्हणजे मिसरातून, इजिप्तमधून, निघालेली मोठी माणसं संपेपर्यंतचा काळ. त्यांना देवानं कबूल केलेला देश मिळाला नाही, पोरांना मिळाला.”

दाराशी स्टुलावर माझे वडील, आबा, बसची वाट बघत बसले होते. आमचं जुनं घर डिंभ्याच्या धरणात गेलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. एकदा त्या जोत्यावर उभं राहायचं, एवढंच आबांच्या मनात राहिलेलं.

“निघालेल्यांतलं कुणीच न्हाई पोचलं?” त्यांनी विचारलं.

“दोघं पोचले, आबा,” पाळकसाहेब म्हणाले.

“आन् त्यांचा म्होरक्या?”

“मोशे? त्याला डोंगरावरून नुसतं दाखवलं.”

“आमाला बी वरूनच दिसतं,” आबा म्हणाले. “पानी उतरलं की.”

मी माऊस हातात घेतला. वाळवंटाच्या आधी आणि नंतर नागमोडी रेघ टाकली. ती दिसली की इथून माप बदललं असं समजायचं. प्रूफ पास झालं.

मे महिन्यात पाणी बरंच उतरलं तेव्हा आबांना घेऊन गेले. काठापर्यंत गाडी गेली. पुढं उतार आणि गाळ. पहिल्याच पावलाला त्यांचा पाय रुतला. काठी टेकत ते मागं सरले.

“तू जा,” म्हणाले.

त्यांच्याशिवाय मला जायचं नव्हतं. तरी गेले. जोतं सापडलं.

“चढ वर!” मागून हाक आली. “डाव्या अंगाला चूल व्हती. थितं माझी आई बसायची!”

मी डाव्या अंगाला जाऊन बसले. आबा काठावरून लई वेळ बघत राहिले.

परतताना त्यांनी गाडीत विचारलं, “चूल दिसली का गं?”

“दिसली,” मी म्हणाले. तिथं नुसता गाळ होता.

हल्ली कालपटाचं काम आलं की मी आधी विचारते, पिढी वर्षांत मोजायची की माणसांत. माणसांत असेल तर मी स्केल धरतच नाही.