बिनकामाच्या माणसाचं पाणी

"घागर खाली ठेव. ओट्यावर नको, खाली."

कॉलनीचे सेक्रेटरी साहेब असं म्हणाले आणि माझ्या मायनं घागर विहिरीच्या ओट्यावरून उचलून मातीत ठेवली. साहेबांनी बादली उंच धरली आणि वरून पाणी ओतलं. अर्धं घागरीत, अर्धं मायच्या लुगड्यावर. ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माय पण हसली. तिच्या त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

"उद्यापासून येऊ नको," साहेब म्हणाले. "जातीचं काही नाही हं बाई, आम्ही शिकलेली माणसं. पण बाहेरच्यांना पाणी पुरवायचं म्हणजे किती?"

ती विहीर माझ्या बापानं खोदली होती.

आम्ही देगलूरकडचे, बौद्ध. जमीन नव्हती. ज्यांची होती त्यांच्याच रानात धूळ उडत होती, ते आम्हाला मजुरी कुठून देणार? लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या, क्वार्टरं, कॉलन्या, जिकडे बघावं तिकडे बांधकाम. बापानं बिऱ्हाड उचललं आणि आम्ही आलो. कॉलनीच्या मागं पडीक जागेत वस्ती पडली. आमच्यासारखे मजूर, तेलंगणातले दगडफोडे, कर्नाटकातले गवंडी, उदगीरचे मुसलमान सुतार. संध्याकाळी चार भाषांत भांडणं आणि चार भाषांत गाणी. कॉलनीची पोरं कुंपणावर बसून ती गाणी ऐकायची.

बापानं आणि दगडफोड्यांनी पहारी लावून, सुरुंग लावून विहीर खाली नेली. पाणी लागलं त्या दिवशी कॉलनीनं रिवाजाप्रमाणे खोदणाऱ्यांना नारळ, टॉवेल-टोपी दिली. बाप ती टोपी घालून कितीतरी दिवस हिंडत होता. खुळा. मान मिळाला म्हणजे हक्क मिळाला, असं त्याला वाटलं.

आणि आता त्याची बायको मातीत उभी होती. मी सातवीत होते. तोंड फाटकं.

"साहेब, तुमचं गाव कोणतं?"

"सोलापूर. का गं?"

"मग तुमी बी भायरचेच की."

"आमची बदली झालीय. सरकारनं पाठवलंय आम्हाला."

"आमाला दुष्काळानं पाठवलंय."

थोबाडीत बसली. साहेबांची नाही, मायची. ती त्याच कॉलनीत धुणी-भांडी करायची. घरी येऊन तिनं घागर कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "तुज्या तोंडापायी काम जाईल माजं. मग खाशील काय?"

मला रडू आलं नाही. मी तेच ते घोकत राहिले. हे आले तर बदली, आम्ही आलो तर बाहेरचे. नव्या जिल्ह्याच्या नव्या कॉलनीत मूळचं होतं तरी कोण? साहेब बाहेरचे, डॉक्टर बाहेरचे, कापडवाले बाहेरचे. पण घागर फक्त आमचीच खाली. आणि म्हणे जातीचं काही नाही.

रात्री वस्तीनं ठरवलं. बाप म्हणाला, "उद्या कुणी बी कामावर जायचं न्हाई. भायरचे नको ना त्यांना? बघू द्या भायरच्यांबिगर कसं व्हतंय ते."

कुणी गेलं नाही. अर्धवट भिंती तशाच राहिल्या. कॉलनीतली खरकटी भांडी मोरीत वास मारू लागली. देवणीकडून गाई घेऊन आलेला म्हातारा आमच्याच वस्तीत राहायचा, त्यानं दूध घातलं नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला माशा मारत बसला, कारण त्याचं रोजचं गिऱ्हाईक आम्हीच होतो. पाण्यासाठी आम्ही लांबच्या नाल्यात झिरे उकरत होतो, पण मला लई गंमत वाटत होती. मी छाती काढून हिंडत होते.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी साहेब वस्तीत आले. पहिल्यांदाच. रुमाल नाकाला होता, पण आवाज गोड.

"झालं गेलं विसरा. तुमच्यावाचून आमचं अडतं, हे कळलं आम्हाला. जे कामावर येतील त्यांनी खुशाल पाणी न्यावं."

लोकांचे चेहरे फुलले. बाप तर हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात मागून नरसम्मा चाचपडत पुढं आली. ती तेलंगणातून मुलाबरोबर खडी फोडायला आलेली. मुलगा मेला, मग हिचे डोळे गेले. डोळे होते तेव्हा कॉलनीतल्या बायका तिच्याकडून अंबाडीचं लोणचं शिकून गेल्या होत्या. आता ती वस्तीच्या तुकड्यावर जगत होती.

"मी काम नाय करत, साब," ती म्हणाली. "मला नीळ्ळु? पाणी?"

"बघू हं आजी. आधी कामाची माणसं."

बघू.

दोन दिवसांची माझी सगळी ऐट त्या एका शब्दानं उतरली. त्यांचं अडलं म्हणून आम्ही माणसं झालो होतो. नडलं नाही की पुन्हा घाण. उद्या बापाचे हात थकतील, मायची कंबर धरेल. तेव्हा आमचंही "बघू"च होणार होतं. आणि वस्ती गप्प होती. माझा बापसुद्धा गप्प होता.

मी नरसम्माची घागर उचलली, तिचा हात धरला आणि तिला घेऊन थेट ओट्यावर चढले.

"ए पोरी! खाली उतर!" साहेब मागून ओरडत आले.

मी पोहरा सोडला. दोर ओढायला जोर पुरेना. कुणीतरी ओट्यावर चढलं आणि माझ्या हातांच्या वर दोर धरला. माय होती.

"वढ," ती म्हणाली.

नरसम्मा तिथंच, ओट्यावर बसून, ओंजळीनं पाणी प्यायली. "बस, बिड्डा, बस पोरी," म्हणत होती, आणि तरी पीत होती. आम्ही तिची घागर भरूनच खाली उतरलो.

मायचं काम त्याच दिवशी गेलं. बाप माझ्यावर चिडला. म्हणाला, "समदं जुळत आलं व्हतं, तू मोडलंस." त्याला मी आजही माफ केलेलं नाही.

मी आता याच शहरात शिकवते. परवा एका कॉलेजातून बोलावणं आलं. विषय: बाहेरून येणाऱ्यांमुळे देशाला होणारे आर्थिक आणि सांस्कृतिक फायदे. वर म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारख्यांनी किती योगदान दिलं, ते पोरांना कळू द्या."

फायदे आहेत. रग्गड आहेत. या शहराच्या भिंती आमच्या, ताटातली चव आमची, बाजाराची गर्दी आमची. पण ते मोजून दाखवायला मी उभी राहणार नाही. बैलबाजारात दात मोजतात, माणसांचे नाही.

मी त्यांना कळवलंय, येते. शहराच्या कडेला आज बिहारची, ओडिशाची पोरं पत्र्याखाली राहतात. त्यातलं एखादं परांचीवरून पडून, कंबर मोडून पडलेलं असेल. ते आता तुमची एक वीट उचलणार नाही. तुम्हाला त्याचा काडीचा फायदा नाही. त्याला तुम्ही इथं राहू देणार की नाही? एवढंच विचारणार आहे. आणि उत्तर मिळेपर्यंत माइक सोडणार नाही.