सोमवारचा तांदूळ

खिचडीच्या गंजाला, म्हणजे मोठ्या पातेल्याला, खाली खरवड धरते. रोज घासा, उद्या पुन्हा आहेच. शाळेतले किस्से तसेच. वडनेर भोलजीच्या पुढं आमचं गाव, आणि तिथल्या शाळेत खिचडी शिजवता शिजवता मला अकरा वर्षं झाली. आता गृहपाठ ठेवावा का बंद करावा, अशी चर्चा गावात निघाली, म्हणून सांगते. मी चौथी शिकलेली बाई. मोठं बोलता येत नाही, पण खोटंही बोलत नाही.

*

माझ्या चुलीजवळचा ओटा म्हणजे सकाळचा खरा वर्ग! मी कांदा चिरते आणि पोट्टे वह्या पसरून एकमेकांचा गृहपाठ उतरवतात.

एकदा चौथीला ‘माझी आई’ हा निबंध आला. आरती नावाच्या पोरीनं मनानं लिहिलं, बाकीच्यांनी तिचं उतरवलं. ‘माझी आई कापूस वेचायला जाते. रात्री तिची बोटं ठणकतात. मी तेल लावते.’

सर वाचत वाचत ट्रॅक्टरवाल्याच्या पोरापाशी आले. “काऊन बे, तुही माय कधीपासून वेचणीले जाते?”

पोरगा म्हणाला, “माही नाही जात सर. पण आरतीची माय आमच्याच वावरात येते ना!”

सरांनी त्याची वही मिटली. लाल पेन लावलाच नाही.

*

मग सरांनी गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकायला सुरुवात केली. फोन बापाच्या खिशात, बाप पारावर. गजाननभाऊंनी लेकीची गणितं पारावरच सोडवली. दहातली चार चुकली.

दुसऱ्या दिवशी भाऊ शाळेत हजर. “सर, पाच जणांनी मिळून केलं. चुकलं कसं?”

*

पालक सभेतही हेच गजाननभाऊ पुढं. “गृहपाठ बंद नका करू सर, डबल द्या! पोट्टे घरी मोबाईलच पाहून राह्यले.”

मी दारातून विचारलं, “भाऊ, मोबाईल कोणाचा?”

अर्धी सभा चपला पाहायला लागली.

सर वाईट माणूस नाहीत. नांदुऱ्याहून मोटारसायकलवर येतात, एक दिवस चुकवत नाहीत. ते म्हणाले, “मावशी, यांच्या घरी शिकवणारं कोणी नाही. म्हणून तर गृहपाठ द्या लागते.”

मी म्हटलं, “घरी शिकवणारं कोणी नाही, म्हणूनच देऊ नका!”

*

रोज सकाळी वर्गातून माझ्याकडे चिठ्ठी येते. आज पोरं किती, तो आकडा. त्यावर मी तांदूळ घेते. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं, एरवी त्रेपन्न, सोमवारी चव्वेचाळीस! सोमवारी सर गृहपाठ तपासतात.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “बाजार असल मावशी.”

“बाजार गुरुवारी असते सर. सोमवारी तुमचा लाल पेन असते!”

आरती आधी सोमवारी यायची नाही. मग मंगळवारीही नाही. कारण सोमवारचं राहिलेलं सर मंगळवारी विचारतात. मग आठवडाच गेला. तिची माय दिवस उगवायला वेचणीला जाते, दीड वर्षाचा भाऊ आरतीच्या कडेवर. तो झोपला की ती भांडे घासणार का पाढे लिहिणार? चौथीतली पोरगी आठ दिवस घरी बसली, म्हणजे पुढं काय होतं, ते मला पुस्तकात वाचायची गरज नाही.

*

मी पुन्हा सरांच्या मागं लागले. शेवटी ते चिडले. “मावशी, तुम्ही चौथी शिकलेल्या. तुम्हाले मी काय समजावू?”

“हाव, चौथीच. पाचवीत काऊन नाही गेली, ते विचारा ना.”

सरांनी विचारलं.

“सतराचा पाढा दहा वेळा लिहून आणायचा होता. माय बाळंत झाली होती, घरचं पाणी मीच भरत होती. गुरुजीनं वर्गाबाहेर उभं केलं. मी उभी राह्यली, मग घरी गेली. बोलवायले कोणी आलं नाही.”

मी ताटातला तांदूळ निवडायला घेतला.

“अजून नाही आलं सर.”

*

शुक्रवारी शाळा सुटली तसे सर म्हणाले, “चला, आरतीचं घर दाखवा.”

आरती अंगणात होती, कडेवर भाऊ. सरांना पाहिलं आणि तिनं भावाला खाली ठेवलं, आत गेली, वही घेऊन आली. कोरी वही. एका हातानं वही सरांना दिली आणि दुसरा हात पुढं केला. तळवा वर करून.

आमच्या शाळेत छडी नाही. कित्येक वर्षं नाही. तरी हात पुढंच. भांडे घासून खरखरीत झालेला.

“हात खाली घे बेटा,” सर म्हणाले.

तिनं घेतला नाही.

तेवढ्यात बारक्यानं सरांची पँट धरली आणि रडायला लागला. सरांनी त्याला उचललं.

“हा काय खाते?”

“भात. तिखट नाही चालत त्याले.”

सरांनी वही आपल्या पिशवीत ठेवली. “सोमवारी शाळेत येऊन घेऊन जा,” म्हणाले.

शनिवारी शाळा सुटायची वेळ झाली तरी फळ्यावर गृहपाठ नाही. सर विसरले असतील म्हणून पोट्टे दप्तर मांडीवर घेऊन बसूनच राहिले!

सोमवारी मी सवयीनं तांदूळ कमीच काढून ठेवला होता. चिठ्ठी आली. त्रेपन्न. मी दोनदा वाचली. आकड्याखाली सरांच्या अक्षरात लिहिलं होतं,

“अधिक एक. त्याला तिखट कमी.”