माझा झेला आणि सासऱ्यांची काठी

माझ्या सासऱ्यांनी मला जेवढा ताप दिला, तेवढा अख्ख्या कोकणपट्टीत कुठल्याही सासऱ्याने कुठल्याही जावयाला दिलेला नाही, हे मी कोऱ्या कागदावर सही करून द्यायला तयार आहे. मानपानात कमी केलं असं नाही. दिवाळीला पाट, भोवती रांगोळी, सगळं यथासांग. पण पाटावरून उठून मी हात धुतो न धुतो तोच "जावईबापू, जरा इकडे धरा बघू" अशी हाक यायची, आणि धरायला असायचं ते माझ्याच घरातून नेलेलं काहीतरी. आमची घरं एका वाडीत, मध्ये फक्त चिऱ्यांचा कंबरेएवढा गडगा. "जावईबापू" हा शब्द ते इतक्या आदराने उच्चारतात, की आपली वस्तू गेली आहे हे माणसाला दोन दिवसांनी कळतं.

त्यांचा उभा जन्म जमीनमोजणीच्या कचेरीत गेला. मासेमारीशी आमच्या दोन्ही घरांचा सात पिढ्यांत संबंध नाही. तरी निवृत्त झाल्यावर त्यांनी भाट्याच्या खाडीतली एक जुनी होडी घेतली आणि गळ टाकून बसायला लागले. सासूबाई आधी बाजारातून बांगडे आणून ठेवत आणि मगच त्यांना खाडीवर सोडत. मग सासऱ्यांचा खांदा धरला. डॉक्टरांनी वल्ही मारायची नाहीत म्हणून सांगितलं, आणि मुंबईच्या मेहुण्याने लगेच फर्मान काढलं की वल्ही जमत नसतील तर होडी विकून टाका, एकट्याने पलीकडच्या काठाला जाऊन आलात तर ठेवू. झालं. सासरे म्हणाले, वल्ही नाही तर नाही, काठीने जाईन. ओहोटीला खाडी उथळ असते. होडीत उभं राहून लांब काठी तळाला टेकवायची आणि अंगाचा भार टाकून होडी रेटायची, खांद्याला त्रास नाही. हे त्यांनी माझ्याच मोबाइलवर पाहिलं. कोणी एक गोरा माणूस पांढऱ्याशुभ्र होडीवर उभा राहून घरी केलेल्या काठीने पाणी कापत चालला होता, आणि तो व्हिडिओ सासऱ्यांनी इतक्या वेळा पाहिला की कारखान्यातून फोन आला तर मला ऐकायला मिळेना.

मी म्हटलं, अशा काठ्या तयार मिळतात, मागवून देतो. त्यावर ते असे भडकले, जणू मी त्यांना तयार नातू आणून देतो म्हणालो. "विकतची काठी हातात बसत नाही," ते म्हणाले. "मग होडीपण विकतच्या माणसानेच चालवावी." आणि तिथून माझ्या घराची लूट सुरू झाली. पहिली काठी माझ्या परसातल्या ओल्या बांबूची. ती उचलतानाच दुसरा खांदा धरला. दुसरी न्हाणीघराच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या प्लास्टिकच्या पाइपची. मिरजोळ्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आलो होतो, कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत, थेट होडीत बसवलं. त्यांनी भार टाकला, पाइप वाकला, ते डावीकडे गेले, होडी उजवीकडे गेली आणि मी चिखलात गेलो. मांडीभर चिखलात उभा असलेल्या मला हा माणूस पाइपला लोंबकळत शिकवतो, "काठी रुतली तर काठी सोडायची, होडी सोडायची नाही, एवढं तरी लक्षात ठेवा." स्वतः मात्र त्यांनी काठीच धरून ठेवली होती.

तिसऱ्या वेळी बैठकीच्या खोलीतला पडद्यांचा ॲल्युमिनियमचा दांडा गेला. संध्याकाळी बघतो तर रस्त्यावरच्या माणसांना आमचा टीव्ही दिसतोय. बायको म्हणाली, बाबांनी पडदे घडी करून ठेवलेत की. ठेवले होते खरे, कचेरीतल्या दप्तरासारखे लाल दोरीने बांधून. दांडा पहिल्याच रेट्याला कोपरातून मोडल्यासारखा दुमडला. मी आठ दिवस बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आणि मग माझा झेला. आंबा देठासकट अलगद उतरवायला काठीच्या टोकाला जाळी लावतात, तो झेला. हा माझ्या वडिलांनी केलेला. बांबू त्यांनी स्वतः निवडून तोडला होता, पावसाळाभर चुलीवरच्या धुरात ठेवला होता, आणि दर वर्षी तेल चोळायचं काम माझं. दोन पुरुष लांब, पण हाताला वजन लागायचं नाही. ऐन हंगामात, गडी दारात उभे, पेट्या भरायला गवत पसरलेलं, मी पडवीत झेला घ्यायला गेलो तर खुंटीला नुसती जाळी. तिला लाल दोरी, आणि दोरीला चिठ्ठी: "जाळी सुरक्षित आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. खाडीवर पोचलो तेव्हा सासरे नुकतेच होडीतून उतरत होते. माझ्या वडिलांच्या बांबूला खाली आंब्याचं बेचकं बांधलेलं, आणि चिखलात रुतू नये म्हणून बेचक्याला माझ्या स्लीपरचं रबर ठोकलेलं. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "जावईबापू, गेलो आणि आलो," ते म्हणाले. "एकटा."

मी ते ऐकलं, पण माझ्या डोक्यात झेलाच होता. चार माणसांदेखत मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते काठी खाली टेकवून उभे राहिले, मोजणीत चूक सापडलेल्या कारकुनासारखे. तेवढ्यानेही माझं समाधान झालं नाही. घरी येऊन पडवीत फेऱ्या मारत मी मेहुण्याला फोन लावला, म्हटलं, तुमचे वडील एक दिवस बुडणार, त्याआधी ती होडी विका. ते एकटे पलीकडे जाऊन आले, हे एक वाक्य मी सांगितलं नाही.

होडी कागदोपत्री मेहुण्याच्याच नावावर. सासऱ्यांनीच हौसेने केलेली. आठवड्याच्या आत दाभोळचा एक माणूस ती न्यायला आला. सासऱ्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही. पुलाजवळ टेंपो उभा होता, तिथवर होडी पाण्यातून न्यायची होती, म्हणून त्यांनी आपली काठी त्याच्या हातात दिली आणि ती कशी टेकवायची ते समजावून सांगितलं. तो गडी जन्माचा पाण्यातला, सराईत हाताने निघाला. खाडीच्या मधोमध काठी रुतली. त्याने एकदा ओढून पाहिली, सोडून दिली, आणि होडी तशीच वल्ह्यांनी पुढे नेली. काठी चिखलात सरळ उभी राहिली.

"शहाणा माणूस आहे," सासरे म्हणाले. "होडी नीट ठेवील."

माझ्याने राहवेना. म्हटलं, सुकती झाली, पाणी ओसरलं की उतरतो आणि काठी काढून आणतो. ते म्हणाले, राहू दे, चांगली झाली होती, मोडली नाही. मग खाडीकडेच बघत म्हणाले, "तुम्ही पडवीत फोनवर बोलता ते गडग्याअलीकडे सगळं ऐकू येतं हो, जावईबापू. जाऊन आलो, तेवढं सांगायचं होतंत."

मला इतका राग आला, आणि पहिल्यांदाच तो त्यांचा नव्हता.

काठी अजून तिथेच आहे. भरतीला बुडते, ओहोटीला दिसते. रविवारी आम्ही दोघं जाऊन बघून येतो. मी बाजारातून तयार झेला आणलाय, पण तो हातात बसत नाही. परवा मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम गडग्याला टेकून उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं की त्या दिवशी बाबा एकटे पलीकडे जाऊन आले होते, मी त्यांना होडीतून उतरताना बघितलंय, आणि मी ते तेव्हा सांगितलं नाही.   मी फोन खिशात ठेवला आणि घरात वळणार, तेवढ्यात गडग्यापलीकडून हाक आली.

"जावईबापू, तो नवा झेला जरा द्या बघू."

आता होडी नाही, काठी कशाला, हे मी विचारलं नाही. झेला खाली घेतला आणि त्याची जाळी मीच सोडवली.