रिकाम्या हाताला सलाम

माझा स्वभाव चिडका आहे, हे आधीच सांगून टाकते. एटापल्ली तालुक्यातल्या एका निवासी आश्रमशाळेत मी मुलींना खेळ शिकवते. सुट्टीत घरी जाताना आमच्या मुली बसमधून उतरल्या की पुढे दोन-दोन तास जंगलातून चालतात. त्यांना काहीतरी असं शिकवावं की वाटेत कुणी काठी उगारली तर त्या घाबरणार नाहीत, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्यातून मी बिनोटच्या मागे लागले.

बिनोट म्हणजे हातात काही नसताना, फार तर एक रुमाल असताना, काठीवाल्यासमोर उभं राहायची जुनी विद्या. आता ती येणारी माणसं हुडकूनही सापडत नाहीत. माझं माहेर चंद्रपूर. तिथे एक गुरुजी सापडले. भिंतभर प्रमाणपत्रं, कपाटभर कप, आणि बोलणं असं की ऐकणारा गार पडावा. आठ रविवारी त्यांनी मला बिनोट शिकवलं आणि सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र हातात ठेवलं. काठी आली की दोन्ही मनगटांची फुली करून डोक्यावर धरायची, हा त्यांचा मुख्य डाव. मी तो मुलींना शिकवायला लागले. काय ऐट होती माझी तेव्हा!

त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या गाद्या पिंजायला सिरोंच्याचे एक चाचा आले होते. कडुनिंबाखाली मशीन लावून बसले होते, भुवयांवर कापूस. आमचा सराव बघता बघता त्यांनी मशीन बंद केलं आणि मैदानात आले.

"बाई, हे कोनं शिकवलं तुमाले?"

"काऊन?"

"हात आडवे नका घेऊ देऊ. एखाद्या पोरीचा हात मोडन."

चाळीस मुलींसमोर मला हे ऐकवतो म्हणजे काय! मी फटकन म्हणाले, "चाचा, तुम्ही गाद्या पिंजा. मी रीतसर शिकून आली आहे." मुली खी खी हसल्या. चाचा परत गेले आणि मशीन सुरू केलं.

चौथ्या दिवशी नववीतल्या एका माडिया आदिवासी मुलीचं मनगट मोडलं. ती माझी सगळ्यात चपळ मुलगी, नेहमी पहिल्या रांगेत. मी सांगितल्याप्रमाणे तिनं बरोबर फुली केली होती. काठी माझ्याच हातात होती. आवाज आला, तो अजून माझ्या कानातून जात नाही. गुरुजींना फोन केला तर म्हणाले, मुलीचंच चुकलं असेल. मी फोन आपटला. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट किंचित वाकडं राहिलं होतं. त्यानंतर ती मैदानात यायची बंद झाली. खेळाच्या तासाला व्हरांड्याच्या पायरीवर बसायची. तिची माफी मागायची हिंमत मला झाली नाही. मोठी काठी फिरवणारी, आणि एवढंसं तोंड उघडेना.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी आलापल्लीहून सिरोंच्याची बस धरली. हाडं खिळखिळी झाली. गादीवाल्या चाचांचं घर विचारलं तर लोक तेलुगूत उत्तर द्यायचे, मग एका मासेवालीनं बोट धरल्यासारखं थेट दारापर्यंत नेलं. अंगणात कापसाचा ढीग होता. एक म्हातारी बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. चाचांची मोठी बहीण. सगळे तिला आपा म्हणत.

मी चाचांना सगळं सांगितलं. "मी सांगलं होतं ना" असा एक शब्दही त्यांनी काढला नाही. उलट तोंड उतरलं त्यांचं.

मी म्हणाले, "आता खरं बिनोट शिकवा मले."

"मले बिनोट नाई येत, बाई. मले फक्त काठी येते."

झालं! आख्खा दिवस बसमध्ये घालवून हे ऐकायला आले होते का मी? "मग त्या दिवशी तुमाले कसं कळलं?"

"जलमभर काठी मारून राह्यलो. कुठी लागते ते मारणाऱ्यालेच कळते."

मग त्यांनी वळचणीतली काठी काढली. काठी घेऊन ते आपासमोर गेले, वाकले आणि कपाळाला हात लावून सलाम केला. मला वाटलं, मोठ्या बहिणीची परवानगी मागत असतील. आपांनी सूप बाजूला ठेवलं, हात झटकले, पदर खोचला आणि कंबरेचा रुमाल काढून अंगणात येऊन उभ्या राहिल्या. हातात काठी नाही, सत्तरीला टेकलेल्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या.

चाचांनी काठी हाणली. खोटी नाही, पूर्ण ताकदीनं. मी "अगं माय!" म्हणून ओरडले. काठी जमिनीवर आदळून धूळ उडाली आणि आपा तिथे नव्हत्याच. त्या काठीच्या आत शिरल्या होत्या, भावाच्या अगदी खांद्याशी, जिथे काठीला जोरच नसतो. त्यांचा रुमाल चाचांच्या मनगटाला गुंडाळलेला होता, आणि काठी आपांच्या हातात. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी डोळे फाडून बघत होते तरी पाऊल कधी पडलं ते दिसलं नाही. खरं सांगते, मला रडूच आलं.

मग कळलं ते असं. त्यांच्या वडलांना ही विद्या येत होती. मोहर्रमच्या आखाड्यात फिरवायला मुलाला काठी दिली, आणि मुलाच्या सरावासाठी समोर कुणीतरी हवं म्हणून मुलीला रिकाम्या हातानं उभं केलं. भावाची गल्लीत वाहवा झाली. बिनोट मात्र घरात बहिणीकडे आलं. वडलांचा एक कायदा होता, तो हे दोघं अजून पाळतात: काठीवाल्यानं आधी रिकाम्या हाताला सलाम करायचा.

"काऊन?" मी विचारलं.

"जीव तं तिचा पणाले लागलेला असते ना," चाचा म्हणाले.

मी आपांचे पाय धरले. त्या हसायलाच लागल्या. "मी काय उस्ताद हाय? आजवर कोनी इचारलं बी नाई. माह्यापाशी कागद-बिगद काही नाई, बाई."

"कागद माझ्याकडे आहे. चांगला सोनेरी आहे," मी म्हणाले. त्यावर चाचाही हसले.

आपांनी एकच प्रश्न विचारला. "त्या पोरीले काठी कोनं मारली?"

"मी."

"मंग तू काठीपासूनच सुरू कर."

त्या उन्हाळ्यात रोज सकाळी मी त्यांना सलाम करायची आणि त्यांच्यावर काठी उगारायची. आणि रोज माझा हात ऐन वेळी ढिला पडायचा. तो आवाज आठवायचा. आपा खवळायच्या. "माशा हाकलून राह्यली का? तू खोटं मारशीन तं समोरची खोटंच शिकन. अन् खऱ्या काठीखाली मरन." आयुष्यात मी कुणाचं इतकं ऐकून घेतलं नसेल. पुढच्या दिवाळीत, मग पुन्हा उन्हाळ्यात गेले, तेव्हा कुठे मला रिकाम्या हातानं उभं केलं. निघताना आपा म्हणाल्या, "आता पह्यले त्या पोरीलेच शिकव."

"ती येत नाही हो मैदानात."

"तं तू जा तिच्यापाशी. ते नाई केलं तं माह्या अंगनात पाय ठेवू नको."

शाळा उघडली. ती आता अकरावीत होती, त्याच पायरीवर बसायची. मी सगळ्या मुलींसमोर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "माझं चुकलं. धड न तपासता मी तुला शिकवलं. तुझा हात माझ्यामुळे मोडला. तू बरोबर केलं होतंस." दोन वर्षं राहून गेलेलं एका दमात बाहेर आलं. मग आपांच्या घरचा कायदा तिला सांगितला, काठी घेऊन तिच्यापुढे वाकले आणि तिच्या लोकांच्या रीतीनं नमस्कार केला, "जोहार."

तिनं एकदा काठीकडे बघितलं. मग पायरी उतरली.

आठ दिवस मी तिला नुसतं पाऊल शिकवलं. नवव्या दिवशी काठी उचलली, वाकले, आणि हात पुन्हा ढिला पडला. तिनं ते ओळखलं. आपांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं, तरी त्यांचंच म्हणणं म्हणाली, "मॅडम, खोटं नका मारू."

मी मारली. पूर्ण मारली. काठी मातीत बसली, आणि ती माझ्या खांद्याशी उभी होती, धापा टाकत. रुमाल ती विसरलीच होती. त्या वाकड्या मनगटाच्या हातानं तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"मॅडम, तुमचा हात थरथरून राह्यला," ती म्हणाली, आणि तो थांबेपर्यंत तिनं सोडला नाही.