तेलाच्या डब्यातली निवडणूक

शिक्षकाच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आपण गंभीर चेहऱ्याने काहीतरी शिकवायला जातो आणि मुलं आपल्यालाच शिकवून मोकळी होतात! माझ्याकडे असे ढीगभर आहेत. पण चार मैत्रिणी जमल्या की फर्माईश होते ती त्या निवडणुकीचीच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकला इंदिरानगरात राहायचे आणि एसटीने इगतपुरीकडच्या एका शाळेत जायचे. आठवीला नागरिकशास्त्र. निवडणुकीचा धडा तीनदा शिकवला, तरी मुलांचे डोळे मिटायचे ते मिटायचेच. शेवटी म्हटलं, होऊन जाऊ दे! दिवाळीची सुट्टी संपली की वर्गाची निवडणूक, आणि जिंकेल तो मार्चपर्यंत खराखुरा मॉनिटर. तोवर मॉनिटर आम्हीच नेमायचो आणि तो कायम पहिल्या बाकावरचा असायचा.

*

अर्ज दोनच आले. एक प्रवीण, रेल्वेतल्या गार्डचा मुलगा, बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. दुसरी यमुना, वरच्या पाड्यावरची, शेवटच्या बाकावर बसणारी. तिच्या तोंडून मी ‘हजर, बाई’ यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

अनामत म्हणून दोघांनी आपापलं पेन माझ्या टेबलावर ठेवायचं, मतं फारच कमी पडली तर ते जप्त. यमुनाने मुकाट्याने ठेवलं. प्रवीणने हात मागे घेतला.

“बाई, निकाल सोमवारी ना? मग शनिवारची चाचणी कशाने लिहू?”

शेवटी शनिवारपुरती दोघांची अनामत परत करावी लागली!

चिन्ह म्हणून प्रवीणने शिट्टी घेतली. यमुनाने घेतलं इरलं. भातलावणीच्या वेळी पावसात पाठीवर घेतात ना, ते पानांचं. तिने ते फळ्यावर फार सुरेख काढलं. प्रवीण म्हणाला, “बाई, ही होडी उलटी पडलीय का?”

मागच्या बाकावरून आवाज आला, “तू कधी शेतात वाकलाय का? तुला काय कळणार!”

*

प्रचारात प्रवीणची पहिली घोषणा होती, “गणिताचा तास दिवसाच्या शेवटी!” टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले.

“फार छान. मग घंटा झाली तरी मला शिकवणं थांबवायचं कारण नाही!”

वर्ग एकदम गार. प्रवीणने मात्र क्षणाचाही वेळ लावला नाही. “मित्रहो, मी असं बोललोच नाही! ही विरोधकांनी पसरवलेली अफवा आहे!”

हे मी शिकवलं नव्हतं, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी तो लिमलेटच्या गोळ्या वाटताना सापडला. म्हणाला, वाढदिवस आहे. मी हजेरीपट उघडला, त्यात जन्मतारीख जूनची! मग वाढदिवस वडिलांचा निघाला. गोळी तोंडात असलेल्या एका मुलीला मी दटावलं, “आता मत विकलंस ना?” ती गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारत म्हणाली, “नाय बाई. गोळी त्याची, शिक्का माझा.”

*

मग यमुनाच्या भाषणाची पाळी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती उभी राहिली आणि एकच वाक्य बोलली.

“मी निवडून आले तर रोज शाळेत येईन.”

वर्ग खो-खो हसला. ही कसली घोषणा! हसली नाहीत ती फक्त मागच्या दोन बाकांवरची पोरं. भाताची कापणी उरकली की त्यांच्या घरची माणसं सायखेड्याकडे द्राक्षबागांच्या कामाला जायची. मोठी माणसं बागेत राबायची आणि पोरं धाकट्या भावंडांना सांभाळायची. परत यायची ती परीक्षेच्या तोंडावर, नाहीतर यायचीच नाहीत.

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. मागच्या वर्षी यमुनाच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा लाल शाईचा शेरा मीच मारला होता. त्या दिवशी तो शेरा आठवून मला माझीच लाज वाटली.

*

मतपेटीची जबाबदारी आमच्या शिपाईमामांची. त्यांनी घरून तेलाचा रिकामा डबा आणला आणि झाकणाला चीर पाडली. चित्रकलेच्या सरांनी चिठ्ठ्यांवर दोन्ही चिन्हं काढून बटाट्याचा शिक्का कोरून दिला. नकाशाआड जाऊन बेचाळीस मुलांनी गंभीरपणे मतदान केलं.

दुपारी डबा उघडला तर आतल्या चिठ्ठ्या तेलाने थबथबलेल्या! घडी न उघडताच शिक्का आरपार दिसत होता.

“मामा, डबा धुतला नव्हता?”

“फडक्यानं पुसला की, बाई! आन् बरंच झालं, उघडायची कटकट नाय. हे बघा, इरलं, शिट्टी, इरलं...”

यमुना तेवीस, प्रवीण एकोणीस. प्रवीणने तीनदा फेरमोजणी करायला लावली. सगळ्यांचे हात तेलकट झाले, आकडे काही हलले नाहीत. मग तो यमुनाच्या बाकापाशी गेला, “अभिनंदन” म्हणाला आणि माझ्याकडे वळला, “बाई, आता माझं पेन?”

*

त्याच गोंधळात यमुनाचे वडील, लहानू, दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर दीड वर्षाचं पोर. ते त्यांनी यमुनाच्या कडेवर दिलं.

“पोरीला न्यायला आलो, बाई. उद्या सकाळच्याला निघायचं हाय.”

वर्गातली पोरं ओरडली, “यमी निवडून आली!”

लहानूंना काही उमगेना. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकेक विचारलं.

“काम काय असतंय?”

“हजेरी घ्यायची. कोण आलं, कोण नाही, ते सांगायचं.”

“किती दिस?”

“मार्चपर्यंत.”

“आन् पोरांनी आपखुशीनं निवडली?”

“हो. तेवीस जणांनी.”

ते उंबऱ्यावर टेकले. फळ्यावरचं इरलं त्यांनी नीट बघून घेतलं. मी मनात जुळवलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“मावशी हाय हिची पाड्यावर. ऱ्हाईल तिच्यापाशी. बाई, निवडून आलेला मानूस परत तोंड दाखवत नाय, असं आमीच बोलतो ना दर टायमाला? मंग हिला कशी नेऊ?”

आणि यमुनाच्या कडेवरचं पोर उचलून त्यांनी पुन्हा आपल्या खांद्यावर घेतलं.